बालकांची स्थूलता : शाळा, शासन आणि छत्रपती संभाजीनगर

ज्या मुलखाने 1972 चा दुष्काळ अंगावर घेतला, जेथे दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी परदेशातून आलेला लाल मिलो दळून भाकरी केली आणि त्यांच्या मुलांनी हातावर मिळालेली सुकडी खाऊन दिवस काढले, त्या मराठवाड्यात मूल अंगाने भरलेले असणे हे घराच्या सौभाग्याचे चिन्ह मानले जावे, यात नवल काहीच नाही. ‘खात्यापित्या घरचे पोर’ या शब्दांत कौतुक आहे, आणि त्या कौतुकामागे किती पिढ्यांची भूक उभी आहे हे ज्याला ठाऊक आहे तो त्याची हेटाळणी करणार नाही. गावोगावच्या मंडळांनी भरवलेल्या गुटगुटीत बालकांच्या स्पर्धाही याच भावनेतून जन्मल्या. परंतु ज्या काळात वजन हे आरोग्याचे पुरेसे प्रमाण होते तो काळ आता सरला असून, मुलाच्या अंगावरची चरबी ही पुष्कळदा भावी मधुमेहाची, रक्तदाबाची आणि यकृताच्या विकाराची पूर्वसूचना असते, हे वैद्यकशास्त्राने निःसंदिग्धपणे दाखवून दिले आहे. आईबापांच्या मनाला हे एकदम पटत नाही. म्हणूनच या प्रश्नाचा विचार करताना प्रथम आकड्यांकडे आणि मग त्या आकड्यांच्या कारणांकडे जाणे इष्ट ठरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे 2015-16 मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी 1.9 टक्के बालके प्रमाणाबाहेर वजनाची आढळली होती. पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, हेच प्रमाण 4.1 टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक झाले. आता याच सर्वेक्षणाचा दुसरा रकाना पाहावा : त्याच काळात वयाच्या मानाने खुजी राहिलेली बालके 34.4 टक्क्यांवरून 35.2 टक्क्यांवर गेली आणि उंचीच्या मानाने कृश बालकांचे प्रमाण 25.6 टक्क्यांवर जसेच्या तसे राहिले. कृशता हटली आणि तिच्या जागी स्थूलता आली असे झालेले नाही. पहिली जागची हललेली नाही आणि दुसरी तिच्या शेजारी येऊन बसली आहे. शाळेच्या वयाच्या मुलांची माहिती 2016-18 च्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणातून मिळते. त्यात 10 ते 19 वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश मुले कृश आणि सुमारे 5 टक्के अतिवजनी आढळली. पण विचारात पाडणारी गोष्ट निराळीच आहे, ती ही की दर दहांतील एका मुलाच्या रक्तात साखरेचे प्रमाण मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोहोचलेले होते. अतिवजनी मुले वीसांत एक, आणि रक्तातील साखर वाढलेली मुले दहांत एक. याचा अर्थ असा की ज्यांच्या अंगावर काहीच दिसत नाही अशा मुलांपैकीही अनेकांच्या शरीरात व्याधीचे बीज पडलेले आहे. 2024 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने 2022 मधील भारतातील 5 ते 19 वर्षे वयाच्या स्थूल मुलामुलींची संख्या सुमारे सव्वा कोटी मांडली, 1990 मध्ये ती चार लाखांच्या आसपास होती. आणि 2025 मध्ये युनिसेफने जाहीर केले की जगातील शालेय वयाच्या मुलांत स्थूलांचे प्रमाण आता कमी वजनाच्या मुलांपेक्षा अधिक झाले आहे.

या दोन विपरीत दिसणाऱ्या गोष्टी एकाच मुळापासून कशा फुटतात याचा उलगडा करण्याचे श्रेय ज्या संशोधनाला जाते ते आपल्याच राज्यातले आहे, आणि त्याची ओळख शाळांच्या शिक्षकवर्गाला जितकी असायला हवी तितकी नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची, त्या गरोदर राहण्यापूर्वीपासून, नोंद ठेवली आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. या मातांची नवजात अर्भके सरासरी 2.7 किलो वजनाची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची अर्भके सुमारे 3.5 किलोची होती. वजन, लांबी, दंडाचा आणि पोटाचा घेर या सर्व बाबतींत आपले मूल उणे होते. परंतु पाठीवरच्या त्वचेखालील चरबी मोजली तेव्हा ती जवळजवळ टिकून राहिलेली दिसली. मांस कमी, चरबी मात्र राखलेली, असे हे ‘कृश-स्थूल’ अर्भक. ज्या गर्भाला मातेच्या उदरात अन्नाची वानवा भासली त्याचे शरीर जणू दुष्काळाच्या तयारीने जन्माला येते, आणि पुढे त्याच्या वाट्याला दुष्काळाऐवजी पाकीटबंद तळण, मैदा आणि साखरेचे पाणी आले म्हणजे ती तयारीच त्याच्यावर उलटते. याच अभ्यासातून पुढे असेही दिसले की ज्या मातांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती.

स्वतः याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’ने छापले. उंची-वजनाच्या हिशेबाने काढला जाणारा देहभारांक दोघांचाही 22.3, परंतु इंग्रज गृहस्थाच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकर वैद्यांच्या शरीरात 21.2 टक्के. पाश्चात्त्य मोजपट्टी आपल्या मुलांना जशीच्या तशी लावणे किती धोक्याचे, याचा याहून बोलका दाखला नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2015 मध्ये, पुण्याच्याच डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने, पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी जे वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले त्यांत अतिवजन आणि स्थूलता यांच्या रेषा प्रौढांच्या 23 आणि 27 या अंकांशी जुळवून, पाश्चात्त्यांच्या 25 आणि 30 पेक्षा खाली आखल्या आहेत, त्या याच कारणासाठी.

तेव्हा मराठवाड्यासारख्या प्रदेशात कुपोषण निर्मूलनाचे खाते एकीकडे आणि स्थूलतेची चिंता दुसरीकडे अशी वाटणी करणे हेच मूळ चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. किशोरवयीन मुलीचे पोषण, गरोदर मातेचा आहार, अंगणवाडीतील वजनकाटा, शाळेतील दुपारचे जेवण आणि शाळेच्या दारातील हातगाडी ही एकाच प्रश्नाची अंगे आहेत.

कायद्याचा विचार करता आपण रिक्तहस्त नाही. महाराष्ट्र शासनाने मे 2017 मध्येच हुकूम काढून शाळांच्या उपाहारगृहांत चरबी, मीठ आणि साखर यांचे प्रमाण अधिक असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली, आणि त्याऐवजी पोळी-भाजी, पुलाव, इडली-सांबार, खीर यांसारखे पदार्थ ठेवावेत असे सुचवले. दिल्ली उच्च न्यायालयात 2010 साली दाखल झालेल्या एका जनहित याचिकेतून सुरू झालेली देशव्यापी हालचाल अखेर केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या विनियमांत परिणत झाली. त्यांचा अंमल 1 जुलै 2021 पासून सुरू झाला. या विनियमांप्रमाणे असे पदार्थ शाळेच्या आवारात, तसेच शाळेच्या दारापासून 50 मीटरच्या हद्दीत, मुलांना विकता येत नाहीत आणि त्यांची जाहिरातही करता येत नाही. शाळेत अन्न शिजवणाऱ्याने वा पुरवणाऱ्याने परवाना अथवा नोंदणी घेतलेली असली पाहिजे. मे 2025 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक भिंतीवर लावण्यास सांगितले.

आता मधल्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगर शहरातल्या कोणत्याही गजबजलेल्या शाळेच्या दारात उभे राहून पाहावे. औरंगपुरा-गुलमंडीकडची जुनी शाळा असो वा सिडको-हडकोतली किंवा गारखेड्यातली नवी, घंटा होताच मुले फाटकाच्या गजांतून हात बाहेर काढतात आणि पलीकडून पाच-पाच रुपयांच्या फुगीर पुड्या, रंगीत बर्फाचे गोळे, लाल शेव घातलेली चायनीज भेळ आणि थंड पेयांच्या छोट्या बाटल्या आत येतात. दाराच्या आतल्या फळ्यावर संतुलित आहाराचे चित्र असते. 250 मिलिलिटरच्या एका कोला पेयात साधारण 26 ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे, विरघळलेली असते. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे 1700 कॅलरींची धरली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे वरून घातलेली साखर 42 ग्रॅमपलीकडे जाऊ नये आणि शक्य तर 21 ग्रॅमच्या आत राहावी. सकाळचा गोड चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटे जमेस धरण्यापूर्वीच त्या एका बाटलीने दुसरी मर्यादा ओलांडलेली असते.

हे 50 मीटर कोणी मोजायचे? अन्न व औषध प्रशासनाकडे मनुष्यबळ थोडे आणि तपासायची हॉटेले, डेअऱ्या व गोदामे असंख्य. रस्त्यावरची हातगाडी हटवणे हे महापालिकेच्या अतिक्रमण विभागाचे काम. शाळेच्या आतला कारभार शिक्षणाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत. आणि बंदोबस्त पोलिसांचा. चार दफ्तरांत विभागलेली जबाबदारी कोणाच्याच रोजच्या कामात बसत नाही, आणि एका दिवसाच्या मोहिमेनंतर गाडी पूर्वीच्या जागी येते. शिवाय गाडीवाल्याचेही पोट आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा 2014 चा कायदा त्याच्या बाजूने उभा आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून त्याला हुसकावण्यापेक्षा, शाळेजवळच्या जागेचा परवाना देताना तेथे काय विकावे याची अट घालणे हा अधिक न्याय्य आणि टिकाऊ मार्ग होय. भाजलेल्या शेंगा, फुटाणे, उकडलेली कणसे, पेरू, बोरे, केळी, काकडी हे या शहराच्या रस्त्यांवर आजही विकले जाणारे पदार्थ आहेत. जो गाडीवाला ते शाळेजवळ विकेल त्याला जागेचे भाडे माफ करणे महापालिकेला अवघड जाऊ नये.

मनाईपेक्षाही महत्त्वाचे आहे ते मुलाच्या ताटात काय वाढले जाते. 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झालेली शालेय पोषण आहाराची योजना, सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशानंतर, शिजवलेल्या अन्नाची योजना झाली. तिच्या तरतुदीप्रमाणे प्राथमिक वर्गातील मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने मिळावयाची असतात. कृश-स्थूल देहाला जे हवे ते प्रथिन आणि जीवनसत्त्व. आणि नेमके तेच या ताटात कमी पडते, कारण धान्य बहुतांशी तांदूळ आणि डाळ पातळ. या दृष्टीने 2023-24 मध्ये आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा जो निर्णय झाला तो अत्यंत शहाणपणाचा होता, आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचे शासकीय अनुदान बंद करण्याचा निर्णय मला दुःखदायक वाटतो. ब-12 जीवनसत्त्वाबाबत पुण्याच्या खेड्यांतून जे दिसले ते ज्याने वाचले आहे, त्याला एका अंड्याची किंमत शिलकेच्या रकान्यात शोधावीशी वाटणार नाही. ज्या घरी अंडे चालत नाही तेथील मुलाला दूध वा दही देता येईल. पण काहीच न देणे हे उत्तर नव्हे. ज्वारी-बाजरीच्या या प्रदेशात पोषण आहारात ज्वारीचे धपाटे, मटकीची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी आठवड्यातून दोनदा तरी असावी, ही मागणी तर केवळ इच्छाशक्तीची आहे. माल आपल्याच शिवारात पिकतो.

जपानने हे करून दाखवले आहे. तेथे 1954 साली शाळेतील भोजनाचा कायदा झाला आणि 2005 साली आहारशिक्षणाचा. वर्गातच मुले एकमेकांना वाढतात, शिक्षक त्यांच्याबरोबर जेवतात, आणि ते जेवण हा शिक्षणाचाच एक तास मानला जातो. श्रीमंत-गरीब असा भेद त्या ताटात नसतो. आपल्याकडे मात्र पोषण आहार सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत, आणि विनाअनुदानित इंग्रजी शाळेत उपाहारगृह अथवा घरचा डबा, अशी फाळणी आहे. आणि शहरात स्थूलता ज्यांच्यात अधिक वाढते ती मुले प्रायः याच दुसऱ्या प्रकारच्या शाळांत शिकतात.

हीच फाळणी आरोग्यतपासणीतही आहे. हिंदुस्थानात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम 1909 साली बडोद्यात झाली, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे. तरीही 1946 च्या भोर समितीला देशात शाळा-आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच असे नमूद करावे लागले, आणि 1960 मध्ये नेमलेल्या रेणुका राय समितीला तोच विषय पुन्हा हाती घ्यावा लागला. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा, शाळांत एकदा जाऊ लागली. ही पथके सरकारी व अनुदानित शाळांत जातात. खासगी विनाअनुदानित शाळेतील मूल त्यांच्या काट्यावर चढतच नाही. शिवाय या कार्यक्रमाच्या मूळ 30 व्याधींच्या यादीत तीव्र कुपोषण, रक्तक्षय, गलगंड यांना स्थान आहे, स्थूलतेला स्वतंत्र स्थान नाही. ज्याची मोजदाद नाही त्याची तजवीज होत नाही. शहरातील प्रत्येक शाळेत, मग तिचे मंडळ आणि माध्यम कोणतेही असो, वर्षातून दोनदा उंची, वजन आणि कमरेचा घेर मोजून त्याची नोंद 2015 च्या तक्त्यावर ठेवावी, आणि ज्या मुलाचा आलेख वर चढतो त्याला घाटी रुग्णालयाच्या बालरोग विभागाकडे अथवा आपल्या डॉक्टरांकडे पाठवण्याचा शिरस्ता पाडावा. 1956 पासून मराठवाड्याची सेवा करणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी हे मोजमाप शाळांतून सहज करू शकतील.

मात्र येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 79 शाळांत असा प्रयोग झाला की काही शाळांनी मुलांचे वजन मोजून पालकांना लेखी कळवावे आणि काहींनी कळवू नये. 2021 मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा असे आढळले की पत्र पाठवल्याने मुलांच्या वजनात फरक पडला नाही, उलट शाळेत ज्यांचे वजन मोजले गेले त्या मुलांच्या मनात आपल्या शरीराविषयी असमाधान मात्र वाढले. वर्गासमोर वजन मोठ्याने वाचणे, ‘जाड्या’ म्हणून हाक मारणे, पीटीच्या तासाला अशा मुलाला मागे उभे करणे ही सर्व अन्यायाची रूपे आहेत, आणि शिक्षकांनी ती पहिल्या दिवसापासून बंद पाडावीत. मोजमाप पडद्याआड व्हावे, आकडा मुलाच्या तोंडावर फेकला जाऊ नये, आणि उपाय सर्व वर्गासाठी समान असावेत.

मैदानाविषयी थोडक्यात. शिक्षणाच्या हक्काच्या 2009 च्या कायद्याच्या परिशिष्टातच शाळेला क्रीडांगण असावे असे लिहिले आहे, आणि मुलाने रोज किमान एक तास अंगमेहनतीचा खेळ खेळावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमखास मैदान, खडकेश्वराजवळचे सांस्कृतिक मंडळाचे मैदान, गारखेड्यातील विभागीय क्रीडा संकुल ही या शहराची संपत्ती आहे. ज्या शाळांना आवार नाही त्यांना ठरावीक वेळी ही मैदाने खुली व्हावीत. वेळापत्रकातला शारीरिक शिक्षणाचा तास परीक्षेच्या तोंडावर गणिताला दिला जातो. तो देता येणार नाही असे मुख्याध्यापकांनी ठरवून टाकावे. झोपेचाही येथे संबंध आहे, कारण अपुरी झोप भूक आणि वजन दोन्ही वाढवते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरू नयेत हा 2024 चा शासननिर्णय त्या दृष्टीने हितकर आहे.

पाण्याचा प्रश्न मात्र या शहराचा खास आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात ज्या नगरीला नहरींनी पाणी खेळवले, तिच्या नळाला आज पैठणचे जायकवाडी धरण जवळ असूनही रोज पाणी येत नाही. शाळेत टाकी कोरडी असेल, किंवा तिच्या पाण्याविषयी पालकांच्या मनात शंका असेल, तर मूल तहान भागवण्यासाठी दाराबाहेरच्या गोड बाटलीकडे वळते. शाळांना स्वच्छ, थंड, पुरेसे पाणी हमखास पुरवणे हा महापालिकेच्या हाती असलेला स्थूलतेवरचा सर्वांत थेट उपाय आहे असे मी मानतो, आणि आरोग्याच्या आराखड्यात तो कोठेच लिहिलेला दिसत नाही याची खंत वाटते.

पुष्कळसे काम शाळेच्या कक्षेपलीकडचे आहे. मेक्सिकोने 2014 पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. ब्रिटनने 2018 मध्ये साखरेच्या प्रमाणावर आधारित कर लावला आणि उत्पादकांनी पेयांतील साखर कमी केली. चिलीने 2016 पासून पाकिटांवर काळी अष्टकोनी इशाराचिन्हे छापायला लावली आणि तसे पदार्थ शाळांतून हद्दपार केले. केरळने 2016 मध्ये बर्गर-पिझ्झावर 14.5 टक्के कर लावून पाहिला होता, तो पुढे वस्तू व सेवा करात विलीन झाला. पाकिटाच्या दर्शनी बाजूला ठळक इशारा असावा की नाही यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे विचारविनिमय चालू आहे. तो लवकर संपून मुलालाही कळेल असे चिन्ह छापले जावे.

तोपर्यंत जे हातात आहे ते सोडू नये. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत जी शाळा व्यवस्थापन समिती स्थापन केली, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ आहेत. या समितीत वा संघात बसणाऱ्या प्रत्येक आईला आणि बापाला माझी विनंती आहे की येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर चार विषय लेखी घालावेत : शाळेच्या दारापासून 50 मीटरच्या आत काय विकले जाते, पिण्याच्या पाण्याची टाकी शेवटची केव्हा धुतली, या आठवड्यात पीटीचे किती तास प्रत्यक्ष मैदानावर झाले, आणि मुलांची उंची-वजने कोणत्या वहीत नोंदली आहेत. चारही उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावीत.